बिबड्यांची राखण

४ मे
मला लिहायची हौस नाही. अमळनेरला दूध गॅसवर ठेवून मी बाजारात निघून गेले, पातेलं जळलं. तेव्हा डॉक्टरांनी रोज लिहायला बजावलं आणि मुलगा अभिजीत मला सुरतला घेऊन आला.

घर छान आहे. पाचवा मजला, भरपूर ऊन. सून केतकी बँकेत जाते. नात प्रिया पाच वर्षांची, तिला सुट्टी आहे. दिवसभर ती माझ्या ताब्यात. तिला मी शिस्त लावणार आहे.

दुपारी दार वाजलं. उघडलं तर कुणी नाही. शेजारची उज्ज्वला हसली. खालच्या मजल्यावर भरतकामाची यंत्रं आहेत, ठकठक चालायचीच, बा, लक्ष देऊ नका, म्हणाली. इथे म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात.

६ मे
डॉक्टरांनी मला समजावलं. मलाच, जिनं तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं! ग्लुटामेट हा मेंदूतला निरोप्या. एका पेशीतून निघतो, दुसरीचं दार वाजवतो. दार उघडणारे रिसेप्टर वयानं कमी होतात, सुस्तावतात. जुनं पक्कं बसलेलं राहतं, नवं आत शिरत नाही. माझ्यात ते जरा जास्तच झालंय म्हणे.

बिबड्यांचं प्रमाण मात्र मला तोंडपाठ आहे.

९ मे, सकाळ
ज्वारीच्या बिबड्या, आमचे खानदेशी पापड, गॅलरीत उन्हात वाळत घातल्या. कबुतरं फार. आमच्याकडे राखण पोरांचीच. प्रियाच्या हाती काठी दिली, जागचं हलायचं नाही असं सांगितलं. पिठाचे पाय घरभर नकोत म्हणून गॅलरीच्या दाराला आतून कडी लावली.

दुपार
घर शांत. केतकी प्रियाला घेऊन गेली असावी. एकटीच जेवले. खालची यंत्रं आज फारच वाजताहेत. लक्ष द्यायचं नाही.

नंतर
ठकठक मंदावली. बरं झालं. पडते जरा.

संध्याकाळ
केतकी आली. एकटी. प्रियाच्या चपला दाराशीच. मला विचारलं, ती कुठे. मी म्हटलं, तुझ्याबरोबर ना—

कडी. मी लावलेली—

१० मे
दवाखाना. तळपाय भाजलेत, अंगात पाणी उरलं नव्हतं. वाचली. डोळे उघडून मला म्हणाली, "आजी, एक पण कबुतर नाही येऊ दिलं."

केतकी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

१३ मे
प्रियाला चलथाणला, आजोळी नेणार. अभिजीत ओरडला नाही. ओरडायला हवं होतं.

१७ मे
यंत्रांना आज सुट्टी, उज्ज्वला सांगून गेली. तरी वाजतंय. गॅलरी उघडून पाहिली. कुणी नाही. परत पाहिली. बिबड्या तिथेच, कडक वाळलेल्या—

केव्हा घातल्या, कुणास ठाऊक. राखणीला कुणाला—

अभिजीतच्या हाती दिलं: घराची किल्ली. गॅसचा लायटर. काठी. आणि आजोळी निघालेल्या केतकीच्या कडेवर—पायांना पट्ट्या असलेली, ती—नाव आत्ता—