सालाची टेप

चाचा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी मी अजून दर डिसेंबरात सालाची टेप ठरवते. आता टेप कुठली, सगळं फोनमधून येतं, पण माझ्या तोंडी टेपच बसलंय. गाणी ऐकणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, चाळीसेक जणांचा, बहुतेक माझ्या नातीच्या वयाचे. त्यावर मी वर्षातले पाच इंडी रॉक अल्बम, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय काढलेले, टाकते, नंबर लावून, प्रत्येकाखाली दोन ओळी. अडुसष्ट वर्षांची बाई असल्या यादीत काय करते, असं सुरुवातीला एकाने विचारलं होतं. मी लिहिलं, ऐकते. तेव्हापासून सगळे मला आजी म्हणतात आणि यादीची वाट बघतात, निदान बघतो असं म्हणतात तरी. या वर्षी ती यादी आठ दिवस अडकली. कारण तुम्ही. म्हणजे बहुतेक तुम्ही. तेच तर ठरत नव्हतं.

नारायण पेठेतलं आपलं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, उभं राहिलं की डोकं लागायचं. बाहेर पाटी, 'बिघाड सांगा, कारण सांगू नका.' मी एकोणीस वर्षांची आहे, मॅट्रिकला गणितात गेलेली, रेडिओच्या कारखान्यात सहा महिने सोल्डरचे डाग द्यायला शिकलेली. तुम्ही माझ्या हातात एक तार आणि कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलेला एक टेपरेकॉर्डर देता आणि म्हणता, "लाव जोडून. बघू कारखान्याने काय शिकवलंय." मी जोडते. तुम्ही भिंग लावून बघता आणि मग म्हणता, "उद्या डबा घेऊन ये." झाली नोकरी.

कॉलेजात शिकायला आलेली परदेशी मुलं यायची आपल्याकडे मशीन घेऊन. परत जाताना ओझं नको म्हणून कॅसेटी तुमच्या टेबलावर ठेवून जायची. त्यांत काही अशा, की कव्हरवर हाताने लिहिलेलं, कंपनीचं नाव नाही, काही नाही. "हे कोण?" मी विचारायची. तुम्ही म्हणायचात, "कोणी नाही. चार जणांनी घरात बसून वाजवलंय. शेजारचा ओरडेपर्यंत." मला तेच आवडायला लागलं. कव्हरच्या आत बारीक अक्षरांत गाणी छापलेली असायची, ती वाचायला मी खिशातली डिक्शनरी घेतली. माझं सगळं इंग्रजी तिथलं आहे. त्यामुळे मला प्रेमभंग आणि पावसाळी हवा यांवर इंग्रजीत बोलता येतं, पण बँकेत गेल्यावर तोंड उघडत नाही.

मशीन दुरुस्त झालं की ते तपासायला एक ओळखीची टेप लागते. तोंडपाठ असलेली, म्हणजे कुठे काय कमी झालं ते लगेच कळतं. ती टेप वर्षभर रोज, दिवसातून दहा वेळा ऐकायची. म्हणून डिसेंबरात एका दुपारी तुम्ही शटर अर्धं ओढायचात, चहा मागवायचात, आणि आपण पुढच्या सालाची टेप ठरवायचो. हजार वेळा ऐकून जिचा वीट येणार नाही ती. मी उड्या मारत एखादी पुढे केली की तुम्ही चष्मा कपाळावर सारायचात. "पहिल्यांदा ऐकून आवडली? मग शंका घे, बेटा. टेप चांगली आहे, का मशीन गोडबोलं आहे, का तूच आज खुशीत आहेस?" आणि दुसरा नियम त्याहून कडक. जिच्यावर आपला माणूस आहे त्या टेपवर मशीन तपासायचं नाही. एक गृहस्थ मुलीच्या गाण्याची टेप घेऊन यायचे, तुम्ही काहीही केलंत, नाही केलंत, तरी म्हणायचे, वा, काय सुधारलाय आवाज. "कान लाच खातो," तुम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणायचात, "आणि पावतीही देत नाही."

रेकॉर्डिंग तपासायची तुमची रीत तर आख्ख्या पेठेला माहीत होती. गिऱ्हाइकाचीच कॅसेट घालायची आणि तिच्या रिकाम्या शेवटाशी स्वतः बोलायचं. "हॅलो." मग थांबून मशीनवरचा आवाजाचा काटा हलतोय का बघायचं. मग त्या दिवशीची हवा आणि त्या दिवशीचा डबा. "आज ऊन आहे. डब्यात वांगं. आवाज येतोय?" चाची शेपू देत त्या दिवशी तुमचा आवाज जरा पडायचा, गिऱ्हाईक हसायचं. स्वतःची कोरी कॅसेट घेऊन तुम्ही कधी काही भरलं नाहीत. तुमचा आवाज पुण्यातल्या शेदोनशे घरांत गेला आणि दुकानात एक सेकंदही उरला नाही.

आणि मी केलेला तो घोळ. एका बाईंची कॅसेट होती, मी शेवटाशी न जाता मधेच थांबवली, रिकामी समजून रेकॉर्डचं बटण दाबलं, आणि तुमच्या थाटात बोलले, हॅलो, आज ऊन आहे. खाली त्यांच्या आईचा आवाज होता. आई गेलेल्या. बाई परत आल्या तेव्हा रडत नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. तुम्ही उठून उभे राहिलात, डोकं जिन्याला आपटलं, आणि म्हणालात, "माझ्या हातून झालं." त्या गेल्यावर मी वाट बघत होते तुम्ही ओरडाल म्हणून. तुम्ही एक कोरी कॅसेट काढलीत, तिच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली स्क्रूड्रायव्हरने मोडलीत. "ही मोडली की वरून काही भरता येत नाही. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. तुला माहीत आहे. आधी ऐकायचं, मग बोलायचं." एवढंच.

आता या वर्षाचं सांगते. वर्ष बरं गेलं. एका इंग्रज बापलेकीने स्वयंपाकघरात बसून केलेला एक अल्बम आहे, मधेच किटली वाजते ती त्यांनी तशीच ठेवलीय. आधी मला वाटलं मुद्दाम घातली असेल, म्हणून तीनदा ऐकला, किटली खरी आहे. शिलाँगच्या तीन मुली आहेत, गिटार असं वाजवतात की जणू कुणी लाकडं फोडतंय, आणि वर आवाज अगदी मऊ. एक जपानी चौकडी आहे, एक शब्द कळत नाही, पण त्यांचा ड्रमवाला कधीच घाई करत नाही. एक कॅनडातला एकटाच माणूस आहे, सगळी वाद्यं स्वतः वाजवतो. त्याच्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही, म्हणून पाचवा. फोन मला 'खास तुमच्यासाठी' म्हणून जे ऐकवतो ते मी ऐकतच नाही. ज्याला मी कोण ते माहीत नाही त्याने माझ्यासाठी खास काही करू नये.

वाटाणे सोलत होते त्या दिवशी. नात म्हणाली, "आजी, हा ऐक. वाघोलीचे आहेत."

"वाघोलीत गायला वेळ कुणाला आहे? सगळे ट्रॅफिकमधे असतात."

"पहिलं गाणं त्यावरच आहे."

चाचा, चांगलं होतं हो. गिटार थोडं बेसूर, पण जाणूनबुजून, जसं आपण चिवड्यात एखादी करपलेली डाळ चालवून घेतो. शब्द मराठीही, इंग्रजीही, हिंदीही, या पोरांच्या बोलण्यासारखेच. मी शंका घ्यायला बसले होते आणि शंका सापडत नव्हती. मग चौथ्या गाण्यात सगळं थांबलं, जुन्या टेपची सरसर सुरू झाली, आणि एक माणूस म्हणाला, "हॅलो." थोडं थांबून, "आज ढग आहेत. डब्यात शेपू. आवाज येतोय?" आणि ड्रम सुरू.

वाटाणे सगळे खाली. मी नातीलाच धरलं. "तू सांगितलंस त्यांना. शेपूचं."

"आजी, मला तू कधी सांगितलंस शेपूचं?"

नव्हतं सांगितलं. "मग कॉम्प्युटरने केलं असेल. हल्ली मेलेल्यांनाही बोलायला लावतात."

"त्याला आधी त्यांचा आवाज लागतो. आहे कुणाकडे?"

नव्हता. तुम्हाला मूल नाही, चाचीही गेल्या. या आवाजाला ओळखणारं कुणी उरलं असेल तर मीच.

नातीने मेसेज करून त्यांना गाठलं आणि रविवारी मला स्कूटरवर वाघोलीला नेलं. नवव्या मजल्यावर फ्लॅट, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला गाद्या टेकवलेल्या. गाणारी मुलगी पंचविशीची, आयटीत नोकरी. दारातच पाया पडली. एवढी नम्र पाहून मला लगेच संशय आला.

"कॅसेट कुठून आणलीस?"

"जुन्या बाजारातून, आजी. एक पिशवीभर घेतल्या होत्या. त्यातली एकच चालू निघाली."

"दे बघू."

तिने बँडमधल्या इतरांकडे पाहिलं. "ॲक्च्युअली... त्याच्यावर आम्ही आमचा डेमो रेकॉर्ड केला. तो टेपचा खरखर साउंड ऑथेंटिक हवा होता. गाण्यात जेवढं घेतलंय तेवढंच कॉम्प्युटरवर कापून ठेवलेलं."

"आधी पूर्ण ऐकली होतीस का?"

"दोनदा. पुढे ते अंकल हसतात, कुणाला तरी हाक मारतात. एक मुलगी काहीतरी म्हणते. सॉरी आजी, मला वाटलं नाही कुणी विचारायला येईल."

चाचा, मला तिला फाडून खायचं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "पाठीवरची टिकली मोडायची असते." ती म्हणाली, "कुठली टिकली?" खरंच माहीत नव्हतं तिला. मी तिच्याकडून कॅसेट मागून घेतली, सुरी मागितली आणि दाखवलं. आत आता त्यांचा डेमो होता, पण म्हटलं, तो तरी राहू दे.

मग ती म्हणाली, "त्यांचा आवाज आम्ही थोडा स्लो केलाय, वाइबसाठी. कोण आहेत ते, आजी? आम्ही शंभर कॅसेट काढतोय, कव्हरवर नाव टाकायचंय. फुकट वापरल्यासारखं वाटतं नाहीतर. शुक्रवारी छापायला जाणार." मी म्हटलं, कळवते.

घरी येऊन तो तुकडा किती वेळा ऐकला ते नात मोजत होती, मी नाही. 'हॅलो'नंतरची ती थांबण्याची जागा तुमची आहे, काट्याकडे बघण्याची. पण स्लो केल्यावर कुणाचीही जागा लांबते. आवाज जाड आहे, तुमचा असा नव्हता. पण तेही स्लो केल्यामुळे असेल. ढग पुण्यात सगळ्यांवरच येतात आणि शेपू निम्म्या पेठेच्या डब्यात असायची. शिवाय गिऱ्हाइकांची पोरं तुमची नक्कल करायची, त्यांतलंच कुणी मोठं होऊन बापाच्या टेपवर बोललं असेल. मी डोळे मिटून तुमचा खरा आवाज आठवायला गेले, ताडून बघायला. आणि चाचा, गाण्यातलाच आला. पुन्हा आठवला, पुन्हा तोच, ड्रमसकट. आधीचा कसा होता ते आता मला सांगता येत नाही.

पेच असा. तो आवाज तुमचा असेल तर हा अल्बम यादीत बसत नाही. आपला माणूस आहे त्याच्यावर, माझा कान लाच खाल्लेला आहे, नियम तुमचाच. आणि तुमचा नसेल तर हा वर्षातला सगळ्यात चांगला अल्बम आहे, किटलीवाल्या बापलेकीच्याही वर, आणि त्याला दुसरा नंबर देणं म्हणजे त्या पोरांवर अन्याय. नातीला विचारलं तर म्हणाली, "आजी, ही यादी आहे, कोर्ट नाही." तिला काय कळणार. ती सगळं पहिल्याच ऐकण्यात आवडून घेते. चौथं गाणं गाळून बाकीचा ऐकून पाहिला. तरी पहिलाच. पण गाळलेल्या जागेची मी वाट बघत होते, म्हणजे तेही ऐकणं स्वच्छ नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी त्या मुलीला तुमचं नाव पाठवलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि खाली लिहिलं, टेपरेकॉर्डर दुरुस्ती, नारायण पेठ. स्पेलिंग दोनदा तपासलं. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुपारी जेवण झाल्यावर मी ग्रुपवर यादी टाकली. पहिला नंबर, वाघोलीचे. खाली दोन ओळी गिटारबद्दल लिहिल्या, आवाजाबद्दल एकही नाही.

नाव आणि नंबर, दोन्हींपैकी एक खोटं आहे. ग्रुपात कुणाला कळलं नाही, सगळ्यांनी टाळ्या दिल्या. तुम्हाला पहिल्या ओळीलाच कळलं असतं, म्हणून हे पत्र कुठे ठेवणारही नाही आणि कुणाला वाचून दाखवणारही नाही. कुठलं खोटं, ते विचारू नका चाचा. नाव लिहिताना मला खात्री नव्हती, आणि नंबर लिहिताना होती.