साहेबांसाठी दोन झुरके

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प एकच. साहेबांची खुर्ची.
साहेब जूनअखेर रिटायर. रंगाच्या या कारखान्यात शेड जुळवणाऱ्या आमच्या विभागाचा नवा इन्चार्ज त्यांच्या शब्दावर ठरणार. उमेदवार दोघेच. मी आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई. बाईंना नुसत्या नजरेने शेड ओळखता येते, हे मान्य. बावीस प्रकारचे पांढरे त्यांना वेगवेगळे दिसतात, मला सगळे पांढरेच दिसतात. पण बाई सिगारेट ओढत नाहीत. तिथेच मार खाणार.
मी ओढतो. दोन वर्षांपूर्वी शिकलो. चव जळक्या पुठ्ठ्यासारखी, त्यात काय आवडायचं कोणास ठाऊक. पण साहेब दिवसातून पाच-सहा वेळा जिन्याखाली जातात आणि एकटेच जातात, हे फक्त माझ्या लक्षात आलं. बाकीचे माना खाली घालून काम करत बसले होते.
हे या वहीबाहेर जाता कामा नये. हिलासुद्धा वाटतं की नवऱ्याला व्यसन लागलंय. वाटू दे. खुर्ची मिळाली की एका दिवसात सोडीन.

१७ जानेवारी
नोटीस लागली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी. व्हरांडा, जिना, कॅन्टीन, सगळं बंद. परवानगी फक्त गच्चीवर.
साहेबांनी नोटीस वाचली आणि म्हणाले, बरं झालं, आता तरी सुटेल.
काय उपरोध! एवढा संताप आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं. हा लढा आता मला लढला पाहिजे. साहेबांच्या वतीने, त्यांना न सांगता.

२१ जानेवारी
डायरेक्टरांच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हणालो, माझी फुप्फुसं, माझा प्रश्न. आज सिगारेट बंद कराल, उद्या चहा, परवा श्वास. प्रौढ माणसाला त्याच्या आयुष्याचं काय करायचं ते तुम्ही कोण सांगणार? व्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द चार वेळा आला. आमच्या साहेबांचं उदाहरण दिलं, तीस वर्षं ओढतात, आहेत की नाही ठणठणीत? त्याच वेळी साहेबांना नेमकी ढास लागली.
सेफ्टी ऑफिसर म्हणाला, तुमचं स्वातंत्र्य जरा थिनरच्या ड्रमला समजावून सांगा. लोक हसले. बाई म्हणाल्या, फुप्फुसं तुमची, पण नाक आमचं आहे ना? पुन्हा हसले.
विचाराला उत्तर नसलं की लोक हसतात.

४ फेब्रुवारी, सकाळी ११
गच्ची चौथ्या मजल्यावर. लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच. साहेब वरचा जिना दोनदा थांबून चढतात. आयताच व्यायाम होतो. बंदीचा एवढा एक फायदा.

दुपारी ३
साहेब म्हणाले, तू जा, मी नाही येत. डॉक्टरांनी कायमची सोडायला सांगितली आहे.
डॉक्टरांना दुसरं येतं काय? मी ओळखलं. साहेब माझी परीक्षा बघताहेत. संकटात साथ सोडतो की नाही. मी साथ सोडली नाही. टेबलापाशी उभा राहिलो, साहेब उठेपर्यंत.

१९ फेब्रुवारी
साहेबांनी लिमलेटच्या गोळ्यांचा डबा आणलाय. तलफ आली की गोळी. आठवडाभर गच्चीवर नाहीत. बाई त्यांना रोज शाबास म्हणतात. चमचेगिरी!
माझ्या दोन वर्षांच्या प्लॅनची वाट लागायची वेळ आली आहे. एकटाच वर जाऊन धूर गिळतो. साहेब नसताना ओढायची म्हणजे फुकटची जळजळ. पण न जाऊन चालणार नाही. मी खाली बसून राहिलो तर साहेबांना वाटेल, हा आपल्यासाठीच ओढत होता.

२ मार्च
जमलं!
साहेबांसमोर जाऊन बसलो. म्हणालो, साहेब, तुम्ही येत नाही तर मी तिथे अगदी एकटा पडतो. घरी कोणी बोलत नाही, ऑफिसात कोणी विचारत नाही. तुमच्याबरोबरची ती पाच मिनिटं, तेवढंच माझं आहे. आवाज थोडा कापरा काढला. डोळे पुसायचं ठरवलं होतं, पण रुमाल घरी राहिला होता.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंडातली गोळी कागदात गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, चल.
वर मीच पेटवून दिली. पहिल्या झुरक्याला त्यांनी डोळे मिटले. किती दिवसांनी सुख मिळालं असेल बिचाऱ्यांना! कोणाला तरी एवढं सुख देता येतं, याचंही समाधान असतं.

११ मार्च
आता गच्चीही बंद. कोणीतरी थोटूक विझवलं नाही, ते खाली थिनरच्या गोदामाच्या छपरावर पडलं. कोणीतरी म्हणजे मी, पण त्या वेळी मी साहेबांचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होतो. त्यामुळे दोष माझ्याकडे जात नाही.
आता गेटबाहेर जावं लागतं. वॉचमनला सांगून ठेवलंय की हा रस्ता जनतेचा आहे.

८ एप्रिल
साहेब बारीक झालेत. तब्येत सुधारली म्हणायची. गालफडं बसल्यामुळे चेहऱ्याला एक धार आली आहे.
त्यांचा हात थोडा थरथरतो. मी सिगारेट त्यांच्या ओठाला लावून धरतो. हे बाईंना जमणार आहे का?

घरी हिने माझे शर्ट बाहेरच्या दोरीवर वेगळे वाळत घातले. म्हणाली, माणूस मरायला टेकला तरी तुम्ही त्याला काड्या पेटवून द्याल. तिला म्हटलं, साहेब स्वतःच्या मर्जीने ओढतात, मी कोण अडवणार? ती म्हणाली, अडवू नका हो, पण बोलावू तरी नका.
बायकांना तत्त्वाच्या गोष्टी समजत नाहीत.

२९ एप्रिल
आज साहेब खोकले तेव्हा रुमालावर लाल डाग पडला. शेड ओळखीची वाटली. शेडकार्डावरचा नंबर काही आठवेना. बाईंना सांगता आला असता, पण त्यांना विचारायचं म्हणजे त्यांचं महत्त्व वाढवायचं. राहू दे.
साहेबांनी रुमाल खिशात घातला आणि मला विचारलं, तुझं आता बरं आहे ना रे, करमतं ना? म्हणालो, तुम्ही आहात म्हणून करमतं. म्हणाले, येतो मी रोज.
खुर्ची नक्की.

१४ मे
साहेब हॉस्पिटलमध्ये. फुप्फुसाचं काहीतरी आहे म्हणे. हवा बदलली की होतं असं.

१८ मे
भेटायला गेलो. प्लॅन असा की तब्येतीची चौकशी करायची आणि सहज खुर्चीचा विषय काढायचा. दारातच त्यांच्या मिसेसनी अडवलं. म्हणाल्या, आज नको. खिशातलं सिगारेटचं पाकीट दिसलं असावं. ते मी त्यांच्यासाठीच नेलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं?

२ जून
डायरेक्टरांनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बरोबर बाईंनाही बोलावलं होतं, बहुधा अभिनंदन करायला.
बाई इन्चार्ज झाल्या.
मी विचारलं, साहेबांचं मत घेतलं का? डायरेक्टर म्हणाले, त्यांनीच नाव दिलंय, जानेवारीतच. मग माझ्याबद्दल? म्हणाले, तुमचंही बोलणं झालं होतं. साहेब म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण जागेवर सापडत नाही.
जागेवर सापडत नाही! मी होतो कुठे? त्यांच्याच शेजारी तर होतो!

९ जून
साहेब गेले. पहाटे.
मला फार वाईट वाटलं. माणूस मोठा होता. फक्त माणसांची पारख नव्हती.

१६ जून
ऑफिसात शोकसभा. बाई रडल्या. मी व्यक्तिस्वातंत्र्यावर दोन शब्द लिहून नेले होते. बोलू दिलं नाही.

२२ जून, रात्री
साहेबांच्या घरी जाऊन आलो. मनात किल्मिष नको म्हणून. शिवाय नोकरीतलं काही शेवटचं बोलले असतील तर कळावं.
बाहेरच्या खोलीत त्यांच्या मिसेस एकट्या होत्या. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, तुम्हीच ते एकटे.
मला कळलं नाही. मग त्या सांगत राहिल्या. फेब्रुवारीत साहेबांनी सोडली होती. तीस वर्षांत पहिल्यांदा. रोज घरी येऊन सांगायचे, आज एकही नाही. मार्चमध्ये पुन्हा कपड्यांना वास यायला लागला. खूप भांडण झालं. साहेब म्हणाले, अगं, ऑफिसात एक मुलगा आहे, त्याला जगात कोणी नाही. तो गच्चीवर एकटा उभा असतो. मी गेलो नाही तर त्याचं तोंड बघवत नाही. मला आता ती नकोशी वाटते, पण त्याच्यासाठी दोन झुरके घेतो.
मग मला म्हणाल्या, मी तुम्हाला दोष देत नाही. तुमचं व्यसनच तसं असेल. तुम्ही तरी काय करणार?
इथे गप्प बसायला हवं होतं. पण दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं आणि गैरसमज दूर केलेला बरा असं वाटलं. म्हणालो, वहिनी, मला व्यसन वगैरे काही नाही. मला तर सिगारेट कधी आवडलीच नाही. मी साहेबांसाठीच ओढत होतो.
त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, आणखी नीट.
त्या उठून आत गेल्या. आतून हुंदके ऐकू आले. साहेबांचा भाऊ बाहेर आला, माझ्या चपला उचलून त्याने दाराबाहेर ठेवल्या.

२३ जून
विचार केला. साहेब नाहीत, खुर्ची नाही, म्हणजे ओढायचं काही कारणच उरलं नाही. आजपासून बंद. एका दिवसात सोडीन म्हटलं होतं, हा तो दिवस.

दुपारी १२
डोकं जड. पांढऱ्याच्या दोन पट्ट्या समोर होत्या, दोन्ही पिवळ्या दिसल्या.

दुपारी ४
हात थरथरून रंगाचा डबा सांडला. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, जा, जाऊन या बाहेर. सोबत पाठवू का कोणाला?
नको म्हटलं.
गेटबाहेर उभा राहून ओढली. कोणासाठी नाही, माझी मलाच हवी होती म्हणून. वॉचमन म्हणाला, नवीन नियम आलाय, इथे नाही चालणार, रस्त्याच्या पलीकडे जा.
पलीकडे गेलो.