आग्रहाचं निमंत्रण

सर, तुमच्या घरी काकूंच्या फोनमधला तुमचा आवाज गेल्या आठवड्यात पुसला गेला, आणि तो माझ्याच हातून पुसला गेला. आधीच सांगून टाकते, नाहीतर मी चार गल्ल्या फिरून मग मुद्द्यावर येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. राहात्यात ज्या खोलीत तुम्ही आम्हाला कॉम्प्युटर शिकवलात, तिथे आता पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात. मी इथल्याच ज्युनियर कॉलेजात तोच विषय शिकवते. नेटवर्क म्हणजे काय, त्याचे फायदे-तोटे लिहा, हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं तुमचंच उत्तर लिहितात, कारण मी त्यांना तुमचंच उत्तर दिलेलं असतं. तुमचं नाव मात्र सांगत नाही. मॅडमना किती सोपं करून सांगता येतं, असं मुलं म्हणतात आणि मी ऐकून घेते.

आम्हाला तेव्हा नेटवर्क म्हटलं की टीव्हीचा अँटेनाच आठवायचा. खोलीतले कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत नव्हते. प्रिंटर एकाच कॉम्प्युटरला जोडलेला, त्यामुळे स्वतःचं पान काढायचं तर फ्लॉपी घेऊन त्याच्यापुढे रांग लावायची. मग एका सुट्टीत तुम्ही निळी वायर आणलीत, गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेने ती स्वतः ठोकलीत आणि मधल्या टेबलावर तो हिरवे दिवे लुकलुकणारा डबा ठेवलात. शिकवायला मात्र आम्हाला पटांगणात नेलंत. सगळ्यांच्या हातात एकच लांब सुतळी दिलीत. आम्ही ती धरून उभे आहोत, हसतोय, आणि तुम्ही मध्येच कात्री चालवता. "हां, आता बोला एकमेकांशी." मग प्रत्येकाला वेगळी सुतळी, आणि सगळ्यांची दुसरी टोकं माझ्या मुठीत. "आता कुनाची बी तुटू द्या, बाकीच्यांचं चालू राहील. पण ही पोरगी घरी पळाली तर?" सगळे ओरडले, "सगळेच बसले!" मग तुम्ही प्रत्येकाला घर क्रमांक दिलात. एकाच गल्लीत दोन घरांचा एकच नंबर असला तर पोस्टमनने कुठे जायचं, असं विचारलंत. आत येऊन फळ्यावर दोन रकाने पाडलेत. फायदे: एक प्रिंटर सगळ्यांना, एकाने केलेलं काम सगळ्यांना, लांबचा माणूस जवळ. तोटे: मधला डबा गेला की सगळं ठप्प, कायम कुणीतरी राखण करायला लागतं, खाजगी काही उरत नाही. आणि सगळ्यात शेवटी, खडू मोडेस्तोवर दाबून: एकाचा ताप सगळ्यांना. मी ते घोकून पाठ केलं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले.

तुमचा ओरडाही खाल्लाय मी. एस.टी. चुकेल म्हणून एकदा माझं काम झाल्या झाल्या मी खोलीचा मेन स्विचच पाडला. मागच्या ओळीतल्या मुलींचं सगळं लिहिलेलं गेलं. मला वाटलं होतं तुम्ही हात उगाराल, पण तुम्ही नुसतं म्हणालात, "तुझं झालं म्हंजे सगळ्यांचं झालं का गं? पंगतीत कधी बसलीस का न्हाई?" मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी एस.टी. गेली तरी मी जागची हलले नाही. तेव्हापासून कुठलंही मशीन बंद करण्याआधी मी प्रत्येकाजवळ जाऊन विचारते, कुणाचं काही राहिलंय का. कॉलेजात मुलं त्यावरून माझी चेष्टा करतात.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. लग्नसराई चालू आहे. हल्ली पत्रिका घेऊन घरी कुणी येत नाही, फोनवर पाठवतात आणि मागून विचारतात, मिळाली ना? आपल्याकडे पत्रिका उघडली नाही म्हणजे लग्नाला गेलो नाही त्याहून वाईट. भावकीत ते पोरांच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतात. चुलत दिरांच्या नंबरवरून मला एक आली, "आग्रहाचं निमंत्रण". मी भाकरी थापत होते. एका बोटाने उघडली. पत्रिका उघडायला फोन परवानगी कशाला मागतोय, हे मी वर्गात मुलांना विचारलं असतं. घरी मात्र पिठाच्या बोटाने हो म्हटलं आणि भाकरी उलटवली. आपली माणसं निमंत्रणाला नाही म्हणत नाहीत, हे असल्या खोट्या पत्रिका सोडणाऱ्या चोरांना बरोबर कळलंय. भाकऱ्या होईपर्यंत माझ्या फोनने माझ्याच नावाने तीच पत्रिका माझ्या ओळखीच्या सगळ्यांना वाटून टाकली होती. शिर्डीच्या हॉटेलांत वायफाय सांभाळणारे माझे जुने विद्यार्थी एकेक करून फोन करू लागले, "मॅडम, तुमीच?" मी मेले तरी बरं असं वाटलं. सगळ्यांना सांगत सुटले, उघडू नका, उघडू नका. काकूंना सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं. तुमच्या स्वयंपाकघरात त्या पाटावर बसल्या होत्या, फोन फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलेला, जणू चावेल. "अगं, कुनाची तरी पत्रिका आली व्हती, म्या उघडली. तवापासून यडा झालाय ह्यो. आपला आपनच कुनाकुनाला काय काय पाठवतोय. बघ बाई, तुला लई कळतं यातलं." मी फोन घेतला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "काकू, सगळं पुसून पहिल्यासारखा करावा लागेल." त्या म्हणाल्या, "कर की मग." मी केला. कुणाचं काही राहिलंय का हे विचारायचं मात्र राहून गेलं. घाईत होते मी.

फोन पुन्हा चालू झाला, स्वच्छ, कोरा. काकूंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आता त्यांचं लावून दे. चहाच्या टायमाला ऐकते मी." मला कळेना कुणाचं. मग त्यांनी सांगितलं. पुण्याला दवाखान्यात जायच्या आधी तुम्ही त्यांच्यासाठी टाकीची मोटार कशी चालू करायची ते बोलून ठेवलं होतंत. आधी कॉक उघडायचा, मग बटन, पानी न्हाई आलं तर लगेच बंद करायचं, मोटार जळंल. शेवटी तुम्हाला रेकॉर्डिंग थांबवता येईना म्हणून तुम्ही "झालं का बंद?" असं विचारता, तेही त्यात होतं. तुमचा मोबाईल बिघडण्याआधी पुतण्याने ते काकूंच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. मोटार त्या कधीच्या शिकल्या. तरी रोज ऐकायच्या. मी विचारलं, कुणाला पाठवलंय का हे, पुतण्याला, मुलीला, कुणालाही. एकाकडे जरी असतं तरी मी अर्ध्या मिनिटात परत आणलं असतं. त्या म्हणाल्या, "त्ये माझ्यासाठी बोललेत. दुसऱ्याला कशाला ऐकवू?"

चोरांची पत्रिका तालुकाभर पोचली आणि तुमचा आवाज एका फोनच्या बाहेर गेला नव्हता. मी दोन दिवस सगळे उपाय केले, नगरच्या दुकानदारालाही दाखवलं. काही निघालं नाही. काकूंना सांगितलं तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वतःवरच चिडल्या. "मीच मेली बोट लावत बसते कुटंबी. तू कशाला रडतीस? तुझा काय दोष त्यात?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो हात फिरू दिला. घरी येऊन जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोट्यांचा रकाना लिहिताना शेवटच्या ओळीपाशी मुलांकडे तोंड करायचं धाडस होईना.

हे मी कागदावर लिहितेय. फोनवर लिहिलेलं कुठे जाऊन पडेल याचा आता भरवसा वाटत नाही. आणि हे खरं तर काकूंना लिहायला हवं. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात, संध्याकाळी दारात बसलेल्या असतात, आणि मी रोज दुसऱ्या रस्त्याने घरी येते. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उलट विचारणार नाही. तरी वर एक खोटं लिहिलंय, खरं काय ते तुम्हालाही सांगायला जीभ रेटली नाही. मी घाईत नव्हते. काकूंचा फोन उघडला तेव्हा सगळ्यात वर माझंच नाव होतं आणि त्याखाली ती पत्रिका. माझ्या घरचं कार्य समजून त्यांनी ती उघडली होती, फक्त कुणाची ते विसरल्या होत्या. काही ठेवायचंय का यातलं, असं विचारलं असतं तर त्या शेजारी येऊन बसल्या असत्या आणि चष्मा लावून एकेक बघितलं असतं. म्हणून मी विचारलं नाही.