रंगतपासणी आधी की नंतर

मामा, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. आज वाटतंय, कारण मी घाबरलोय, आणि कशाला घाबरलोय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. मी विमान चालवायला शिकायचं ठरवलंय. हसू नकोस. वय सदतीस, रोह्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टची नोकरी, पेणला दोन खोल्यांचा ब्लॉक, आणि म्हणे विमान. पोटापाण्यासाठी नाही, स्वतःच्या हौसेचं लायसन काढायचं, एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं. बायको म्हणाली, "या वयात लोक गुडघ्याला तेल चोळतात, तुम्ही विमान घ्या हातात." पण मग तिनेच स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी साठवलेले पैसे पुढे केले. ओटा पुढच्या वर्षी करू म्हणाली. ती एवढी चटकन हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते तुझ्यामुळेच. पेणजवळच्या जोहे गावात, गणपतीच्या कारखान्यात, परदेशी जाणारे छोटे गणपती पेंढ्यात घालून लाकडी खोक्यात बसवायचे, ते काम तुझ्याकडे असायचं. मी खोक्यावर चढून बसलेला, पाय हलवतोय. तू खिळे ठोकता ठोकता म्हणतोस, "ह्यो बघ, विमानात बसंल. तुला-मला नाय बसवायचं कोण." मी म्हणतो, मी बसणार. तू म्हणतोस, "बस की. पन आधी खाली उतर, खोका मोडंल." बाप गेल्यावर आई नि मी तुझ्याच घरात वाढलो, पण तू मला कधी उपकाराची भाषा ऐकवली नाहीस. ऐकवली असतीस तर आज माझं काम थोडं सोपं झालं असतं.

तर शिकायचं कुठे, यावर दोन महिने घातले. वहीत रकाने आखले, फोन केले, माणसं काय बोलतात ते लिहून घेतलं. शेवटी दोन संस्था उरल्या. एक घाटावरची. आठवड्यातले कुठलेही दोन दिवस निवडा, जेवढे तास उडाल तेवढेच पैसे भरा, महिनाभर नाही जमलं तरी चालतं. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, सुट्टी कधी गुरुवारी तर कधी रविवारी येते, त्यामुळे हे माझ्यासाठीच बेतल्यासारखं आहे. दुसरी परराज्यातली. तिथे सलग अडीच महिने जाऊन राहायचं, म्हणजे बिनपगारी रजा, आणि सगळी फी आगाऊ. शाळेतल्या पोराला विचारलंस तरी पहिलीवर बोट ठेवेल. मी दुसरी निवडली. बायकोला म्हटलं, एकदम राहून शिकलं की पक्कं होतं, तुकड्या-तुकड्याने शिकलेलं विसरतं. तिला पटलं. मी कुठलीही गोष्ट पटवून देऊ शकतो, हा दुर्गुण तुझाच.

खरं कारण वेगळं आहे. घाटावरची संस्था म्हणते, आधी डॉक्टरांची तपासणी करून दाखला आणा, मग प्रवेश. परराज्यातला माणूस फोनवर म्हणाला, "वो बाद में देख लेंगे, डॉक्टर अपनी पहचान का है." त्या तपासणीत डोळे बघतात. नुसतं लांबचं-जवळचं नाही, रंगही.

तुला तो दिवस आठवत असेल. मी नऊ वर्षांचा. गणपती पंधरा दिवसांवर आलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. तू मला रंगाचे डबे बाहेरून पुसून आणायला सांगितलंस आणि मी ते पुसून परत तुझ्या फळीवर लावले. त्या दुपारी तू अकरा मूर्तींचे शेले हिरवे रंगवलेस. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर लाल लिहिलेलं होतं. शेठ आले, मूर्तींकडे बघत राहिले, मग तुझ्याकडे. "अरे, चिठ्ठी वाचतोस का नुसता ब्रश फिरवतोस?" तू हसून म्हणालास, "आज जरा चव बदलली, शेठ." कुणीच हसलं नाही. संध्याकाळी तू मला शेताच्या बांधावर नेलंस. मला वाटलं आता मार बसणार. तू खाली बसलास आणि हळूच म्हणालास, "मना लाल नि हिरवा येकच दिसतो रं. डावीकडचा पयला लाल, त्याच्या बाजूचा हिरवा, असं धरून मी इतकी वर्सं काम करतोय. कुनाला सांगू नको." मी मान हलवली. आठवड्याभरात तुझ्या हातातला ब्रश गेला आणि तुला ओतकामावर घातलं, साच्यात काथ्या नि प्लास्टर भरायला. शेठच्या आपोआप लक्षात आलं असेल, असं तू आईला म्हणालास. पुढची अकरा वर्षं तू ती पांढरी धूळ छातीत घेतलीस.

मागच्या महिन्यात मी रोह्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पेणला सगळे ओळखतात, म्हणून रोहा. त्यांनी रंगीत ठिपक्यांत आकडे दडवलेलं पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचलं. दुसऱ्यावर मला नुसते ठिपके दिसले, तिसऱ्यावरही. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "हे आईकडून मुलाकडे येतं. आईचे वडील, भाऊ, कुणाला आहे का?" मी म्हटलं, कुणाला नाही. तोंडातून तसंच आलं, मामा. तू समोर असतास तरी तेच आलं असतं. घरी येऊन मी ते पुस्तक फोनवर शोधलं आणि पाठ करायला घेतलं. कुठल्या पानावर कुठला आकडा, कडेला कुठली खूण. चार दिवसांत पाठ झालं. कंपनीच्या बसमध्ये बसून मी आकडे म्हणायचो आणि शेजारच्याला वाटायचं, याने लॉटरी लावली असेल.

आनंद झाला नाही, भीती मात्र वाढली. अभ्यासाच्या पुस्तकात लिहिलंय की रेडिओ बंद पडला तर विमानतळाच्या मनोऱ्यावरून दिवा दाखवतात. हिरवा असेल तर उतरा, लाल असेल तर उतरू नका, खाली दुसरं विमान आहे. पेण स्टेशनचा सिग्नल मला कळतो, कारण तिथे वर काय आणि खाली काय ते ठरलेलं असतं. मनोऱ्यावर एकच दिवा. वर नाही, खाली नाही, डावीकडे नाही. हे वाचल्यापासून जेवताना हात थांबतो. बायको म्हणते ॲसिडिटी. परवा म्हणाली, "शिकून झालात की पहिली मला बसवा हं." मी हो म्हटलं आणि ताट घेऊन उठलो.

सोमवारी फी भरायची आहे. रद्द करतो असा फोन अजून केलेला नाही. हे लिहून मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाच नाही, म्हणून उरलेलं लिहितो. शेठच्या आपोआप लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं, डबे कुणी हलवले. हातात लाकडी पट्टी होती. मी म्हटलं, मामाला रंग दिसत नाहीत. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि मला जा म्हणाले. आणि डबे मी मस्तीत किंवा घाईत उलटे लावले नव्हते. फळीपुढे बराच वेळ उभा होतो, दोन्ही डबे हातात धरून. त्यातला लाल कुठला ते मला कळत नव्हतं. शेठला मी तुझं सांगितलं, मामा. माझं सांगितलं नाही.