जहाजावरची तीन आवतणं

मूल (जि. चंद्रपूर), ४ डिसेंबर

ती. रुखमाबाईस, धाकटा भाऊ हरिदास याचा सविनय जयभीम. भाऊजींनाही जयभीम सांग. त्यांचा खोकला कसा आहे? खाणीतून ते निवृत्त झाले, पण खोकल्याने अजून राजीनामा दिलेला दिसत नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? (ललिता म्हणते, गुडघ्यांचं विचारू नका, बाईंना वाटेल वय काढलं. पण लिहून झालं, आता खोडलं तर जास्तच वाटेल.) आम्ही दोघं बरे आहोत. पत्र पाहून हसू नको. नंदिनीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझं सुप्रभात रोज तसंच पडून राहतं. मग विचार केला, जन्मभर पोस्टात नोकरी केली, एकदा आपल्यासाठीही पोस्ट वापरून पाहावं. राजुऱ्याचा पोस्टमन पत्र दारात टाकेल, पुढे ते चुलीत घालायचं की वाचायचं ते तू ठरव.

तर तुझ्या भाचीने आम्हा दोघांना समुद्रावर पाठवलं. मुंबईहून निघायचं, गोवा, मग लक्षद्वीप आणि परत, असं पाच दिवसांचं जहाज. जहाज म्हणजे काय सांगू, मूलचा अख्खा बाजार, राईस मिलींसकट, एकावर एक रचून पाण्यात सोडलाय असं वाटतं. तिथे सगळ्यांना जेवायला एक मोठा हॉल आहे, हवं तेव्हा जा, हवं तितकं घ्या. पण त्याखेरीज तीन खास हॉटेलं आहेत, एक चिनी, एक इटालियन आणि एक राजवाड्यासारखं सजवलेलं पंजाबी. तिथे आधी जागा राखून ठेवावी लागते. नंदिनीने पुण्याहून बजावलं होतं, ‘बाबा, जहाजात चढल्या चढल्या बुक करा, नाहीतर हात चोळत बसाल.’ तिन्ही जेवणं तिकिटात धरलेली होती. रोज एका ठिकाणी जायचं, इतकं सोपं काम. पण तुझा भाऊ सोपं काम सोपं ठेवील तर शपथ.

झालं असं, की दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर चिन्यांचा निरोप आला, ‘आज संध्याकाळी आपण आमच्याकडे जेवायला यावे, ही विनंती.’ मी ‘हो’ दाबलं. खोलीतल्या टीव्हीवर इटालियनांचा तसाच निरोप, तिथेही ‘हो’. खाली उतरलो तर पंजाबी हॉटेलच्या दारात रिना नावाची मणिपूरची मुलगी हात जोडून उभी. तिने आज या म्हटलं, आता तिच्या तोंडावर नाही कसं म्हणणार? सातला, साडेसातला आणि आठला, तीन आवतणं एका संध्याकाळी. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वैशाखात आपण सकाळी सावली गावचं लग्न, दुपारी सिंदेवाहीचं, संध्याकाळी पोंभुर्ण्याचं करतोच की. प्रत्येक मांडवात दोन घास खायचे, मालकाला तोंड दाखवायचं आणि पुढच्या मांडवाकडे गाडी वळवायची. कोणी रुसलं नाही म्हणजे झालं.

चिन्यांकडे मी दोन घास खाल्ले, हात जोडले आणि उठलो. ललिता म्हणाली, “आत्ताच त बसलो, उठता काऊन?” मी म्हटलं, “अजून दोन घरं कराची हायेत.” तेवढ्यात आतून उंच टोपीवाला स्वयंपाकी धावत आला. जेवणात काय चुकलं म्हणून त्याचा चेहरा पडला होता. मी त्याला हिंदीत वैशाख समजावून सांगितला, त्याला तो समजला नाही. इटालियनांकडे तर पहिलं ताट यायलाच पाऊण तास लागला. (ताट कसलं, परातीएवढ्या बशीत चमचाभर भात. आपल्याकडे कावळ्याला याहून जास्त ठेवतात.) मी घड्याळ बघत होतो आणि ललिता माझ्याकडे बघत होती.

इथवरचं हसण्यासारखं आहे, बाई. पुढचं सांगायला मला जड जातं.

त्या दुपारी वरच्या गच्चीवर सांगलीकडच्या एका बाईंची ओळख झाली होती. नाव अन्नपूर्णाबाई, वय तुझ्याएवढंच, पदर तुझ्यासारखाच घट्ट खोचलेला. मुलाला आणि सुनेला जहाज लागल्यामुळे दोघं खोलीत आडवे पडलेले, आणि या दोन दिवस एकट्या जेवत होत्या. मी सहज बोलून गेलो, आठ वाजता पंजाब्यांकडे या, आमच्यासोबतच जेवा. त्या बिचाऱ्या चांगलं इस्त्रीचं लुगडं नेसून वेळेवर येऊन आमची वाट पाहत उभ्या. रिनाने हातातली नावांची पाटी बघितली. जागा दोघांची होती. तिने अगदी गोड आवाजात विचारलं, “सर, कितने लोग हैं?”

बाई, तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता.

नंदिनीच्या लग्नाला आठ दिवस होते. चंद्रपूरच्या हॉलवाल्याला ताटांचा आकडा हवा होता, तो दिवसातून चार वेळा फोन करायचा. तुला मी पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली आणि वरून फोन करून विचारलं, “बाई, तुमच्या घरून किती जन येऊन राह्यले?” तू म्हणालीस, “पाहू. तुमी जेवून घ्या.” मला वाटलं, तू कामात असशील. मांडवात तुझी वाट पाहून शेवटी मी यादीत तुझ्या नावापुढे ‘आले नाहीत’ असं लिहिलं आणि दोन वर्षं तुझ्यावरच रागावून बसलो.

जहाजावर त्या दारात अन्नपूर्णाबाईंनी एकदा आत पाहिलं, एकदा रिनाच्या पाटीकडे, आणि म्हणाल्या, “राहू द्या भाऊ, मला तशी भूकच नाही. तुम्ही जेवून घ्या.” आणि मागे वळल्या. त्यांची पाठ बघून मला लाज वाटली. आपली माय आवतण द्यायला निघायची तेव्हा उंबऱ्यात उभी राहून काय म्हणायची, आठवतं? “उद्या तुमची चूल पेटवू नोका, बाई.” बस्स. चूलबंद आवतण म्हणजे अख्खं घर आलं, त्या घरी सकाळी आलेला पाहुणाही आला. माणसं किती, हे तिने जन्मात कुणाला विचारलं नाही, आणि तिच्या पंगतीत भात कधी कमी पडला नाही. मी तिचाच मुलगा, आणि सख्ख्या बहिणीला आकडा विचारला.

मी धावत जाऊन अन्नपूर्णाबाईंना गाठलं. आम्ही तिघांनी मोठ्या हॉलमध्ये वरण-भात घेतला आणि निवांत जेवलो. पोटात आधीची दोन घरं होती, तरी मी दोनदा भात घेतला. पंजाब्यांच्या पाटीवर माझ्या नावापुढे ‘आले नाहीत’ लागलं असेल. लागू दे, मला ते लागायलाच हवं होतं.

बाई, माझं चुकलं. तोंडाने म्हणायला दोन वर्षं लागली, म्हणून लिहून देतो.

सर्वांना जयभीम. भाऊजींना काळजी घ्यायला सांग.

तुझा भाऊ,
हरिदास

ता. क. भाऊजींसाठी जहाजातून काही आणता आलं नाही. खोलीतल्या साबणाच्या चार वड्या तेवढ्या आहेत. त्या चोरलेल्या नाहीत, तिकिटातल्याच आहेत असं माझं मत आहे. ललिताचं मत वेगळं आहे.

ता. क. २. नवा तांदूळ गिरणीतून आलाय. पुढच्या रविवारी नंदिनी आणि जावई येतील, तेव्हा नव्या भाताचं जेवण करायचं ठरवलं आहे. या रविवारी मी आणि ललिता राजुऱ्याला तुझ्या उंबऱ्यात येऊ आणि चूलबंद आवतण देऊ. दार उघडलंस तर पाणी पिऊ, नाही उघडलंस तर बाहेरूनच मोठ्याने देऊ, शेजारीपाजारी ऐकतील. किती जण येणार ते मात्र सांगू नको. सांगितलंस तरी मी ऐकणार नाही.

ता. क. ३. ललिता आत्ताच स्वयंपाकघरातून ओरडली, “आकडा नाई म्हनता, मंग भात कायच्यात शिजवू?” तिचं खरं आहे. एवढ्या माणसांचं भांडं आमच्याकडे नाही. मायचा पितळेचा मोठा गंज तुझ्याकडेच आहे. तो घेऊन जेवणाच्या दिवशी सकाळीच निघ. तू पोचेपर्यंत आमचीही चूल बंद.