पाच गिअर मागे, एक पुढे

दिघी,
मंगळवार, भर दुपार

तीर्थस्वरूप सोपानदाजी यांना मेहुणा ज्योतीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हातांना ग्रीस आहे, त्यामुळे पायांना हात लावल्याचं मनातच समजून घ्यावं).

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा, ताईचं पित्त आणि बार्शीचं पाणी, तिन्हींची खुशाली कळवावी. आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही माझ्या पहिल्याच वाक्याला ओरडता आणि दुसरं वाक्य माझ्याकडेच राहतं. व्हॉट्सअॅपवर पाठवावं तर ताई आधी वाचते आणि मग ओरडणारी माणसं दोन होतात. पत्राचं बरं असतं, ते शेवटपर्यंत बोलतं. शक्यतो बसून वाचा. गुडघ्यासाठी म्हणतोय.

विषय आपल्या गाडीचा आहे. आधीच सांगतो, गाडी सुखरूप आहे, रंग गेलेला नाही, काच फुटलेली नाही आणि इंजिन पूर्वीसारखंच मागच्या बाजूला आहे. (गाडीचा विषय काढला की तुम्ही उभे राहता, हे मला माहीत आहे. बसा.) बार्शीहून तुमची बीटल इकडे आणून माझ्या हवाली करताना तुम्ही एकच गोष्ट बजावली होती: विजयश्री सासरी जाईल ती याच गाडीतून. पाण्याची भानगड नाही, रेडिएटर नाही, हवेवर थंड होणारं इंजिन, माझी लेक घाटात अडकायची नाही. हे तुमचे शब्द मी विसरलेलो नाही. पण त्याच प्रवासात भिगवणजवळ, चौथ्या गिअरवर इंजिन बोंबलत असताना, तुम्ही आणखी एक वाक्य बोलला होता: ‘ज्योतीराम, हिला अजून एक गिअर असता तर काय मजा आली असती राव!’ ते वाक्य तुम्ही विसरला असाल, मी नाही. म्हणजे पुढे जे झालं त्याची सुरुवात भिगवणजवळ झाली आणि ती मी केलेली नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचावं.

तर मी ठरवलं, भाचीच्या लग्नात मामाचा आहेर म्हणजे पाचवा गिअर. कुदळवाडीच्या भंगारात याच जातीच्या एका थोरल्या परदेशी गाडीचा पाच गिअरचा डबा मिळाला. गाडी कुठेतरी कठड्याला धडकून संपली होती, डबा शाबूत होता. आता तुम्ही म्हणाल, एखाद्या चांगल्या मेकॅनिककडे का नाही गेलास? दाजी, ज्या माणसानं सगळी उमर मोठ्या कंपनीच्या गिअर शॉपमध्ये घालवली, त्यानं डबा घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं? शिवाय मी एकटा नव्हतो. आमचीच लाइन पुन्हा जमवली. कुलदीप, ज्यानं नोकरीभर फक्त बोल्ट आवळले आणि आता तळवड्यात स्वतःचं शेड टाकलंय. धम्मपाल, जो इन्स्पेक्शनला होता आणि ज्याच्या हातून कधी खराब माल बाहेर गेला नाही (स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यानं चार वेळा नापास केली होती). आणि मी, ज्यानं क्राऊन बसवले. क्राऊन म्हणजे डब्यातली ती मोठी दातेरी थाळी, जी इंजिनाचं फिरणं चाकांना पोचवते. ती एका बाजूनं बसवली की गाडी पुढे जाते. दुसऱ्या बाजूनं बसवली की काय होतं, हे आमच्या कंपनीत कोणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं.

इथे तुम्हाला एक बारीक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आमच्यातल्या कोणीच आख्खा गिअरबॉक्स कधी पाहिलेला नव्हता. मी माझ्या जागेवर उभा, क्राऊन डावीकडून येणार, मी बसवणार, डबा उजवीकडे जाणार. निवृत्त होईपर्यंत हेच. डाव्या बाजूला काय चालतं हे मी कधी विचारलं नाही आणि उजवीकडच्यांनी मला कधी विचारलं नाही. आता कुलदीपच्या शेडमध्ये टेबल भिंतीला लावलेलं होतं. डावीकडे भिंत. त्यामुळे क्राऊन आला उजवीकडून. मी तो डावीकडून आल्यासारखाच बसवला, अगदी तस्साच, डोळे मिटून बसवावा इतक्या सफाईनं. म्हणजे माझं काम बरोबर होतं, भिंत चुकीच्या जागी होती. हे मी कुलदीपला सांगितलं, तर तो म्हणाला भिंत माझ्या आधीपासून आहे. पुढे कुलदीपनं सगळे बोल्ट नियमानं आवळले. धम्मपालनं दातांवर बोट फिरवलं, फटी मोजल्या, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘दाते ओके, फट ओके, आवाज ओके. जॉब पास.’ आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले आणि मी गाडीत बसलो.

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली. शेजारच्या पॅकिंगवाल्याच्या थर्माकोलच्या ढिगात शिरलो. मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. बाहेर काढायला म्हणून दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे. तिसरा टाकून पाहिला. (चौथा का टाकला असं कुलदीपनं नंतर विचारलं. दाजी, एवढा खर्च करून आणलेला डबा माणूस अर्ध्यात सोडतो का?) शेवटी वैतागून रिव्हर्स टाकला, तर गाडी गोगलगाईच्या चालीनं पुढे निघाली आणि तुम्ही हौसेनं रिव्हर्सला बसवलेला तो पिपाणीचा भोंगा सुरू झाला. भोंग्याचा आवाज तुम्हाला माहीतच आहे. तो वाजायला लागला की शेजारी बसलेल्याशी बोलायचं असेल तर चिठ्ठी लिहावी लागते. सगळ्या तळवड्यानं पाहिलं की सोपानरावांची गाडी वाजतगाजत पुढे येते आणि मुकाट्यानं मागे जाते. पाच गिअर मागे, एक पुढे. धम्मपाल शांत होता. म्हणाला, ‘दिशा हा आपल्या खात्याचा विषय नव्हता कधी. पण आवाज ऐक ना भावा, किती गोड!’ आणि खरं सांगतो, आवाज गोड होता. पाचव्या गिअरला तर इंजिन कुजबुजत होतं. भिगवणजवळ तुम्हाला जे हवं होतं ते अगदी हेच, फक्त उलट.

आम्ही हात टेकून बसलो असं समजू नका. इंजिन उतरवलं, डबा पुन्हा खोलला. यावेळी टेबल भिंतीपासून ओढून दुसऱ्या बाजूला नेलं, म्हणजे क्राऊन बरोबर डावीकडून येईल. पण मीही चुकीतून शिकणारा माणूस आहे. मागच्या वेळी उलटा बसला म्हणून यावेळी मी तो उलटा बसवला. धम्मपालनं पास केला. गाडी मागे गेली. थर्माकोलवाल्यानं यावेळी ढीग आधीच बाजूला केला होता, एवढीच काय ती सुधारणा.

मग शेड रिकामं करून द्यायचं म्हणून गाडी दिघीला आणणं भाग होतं आणि एकाच गिअरवर भोंगा वाजवत तळवड्याहून दिघीला कोण येणार? मी सरळ मान वळवली आणि मागच्या काचेतून बघत तिसऱ्या गिअरवर निघालो. स्पाइन रोडला हवालदारसाहेबांनी हात केला. थांबलो. ते आधी गाडीच्या तोंडाकडे गेले, मग शेपटाकडे गेले, आणि म्हणाले, ‘काका, तुम्ही येताय का जाताय?’ मी म्हटलं, साहेब, जातोय. ‘मग तोंड इकडं कसं?’ मी क्राऊनपासून सगळं सांगायला लागलो. भिंतीपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हात जोडले आणि रस्ता मोकळा करून दिला. पण त्या प्रवासानं माझी मान डाव्या खांद्यावर अडकली ती अडकलीच. सध्या जेवताना मला ताट सोडून शेजारचा दिसतो.

म्हणून भिवाला बोलावलं. भिवा म्हणजे आमच्या स्टोअरचा फोर्कलिफ्टवाला. तुम्हाला कल्पना नसेल, पण फोर्कलिफ्टवर पुढे मालाचा डोंगर असतो, काही दिसत नाही, म्हणून ती माणसं नोकरीभर रिव्हर्समध्येच गाडी हाकतात. भिवा गाडीत बसला आणि पाचव्या गिअरवर मोशीपर्यंत गेला, वळला, आला, आरसा न बघता. उतरल्यावर त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, ‘ज्योतीरामभाऊ, पह्यल्यांदा माझ्या हिशेबाची गाडी भेटली. पुढं चालवायचं म्हटलं की मला घाबरायला व्हतं.’

आणि नेमकी त्याच वेळी विजयश्री आली. आयटी पार्कमधून सुटून थेट, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. मी गाडीसमोर आडवा उभा राहिलो, पण एवढी गाडी कशी झाकणार? तिला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं रडेल. ती हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, मामा, मला बसव. मागच्या सीटवर बसली, भिवानं गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. मी फाटकात उभा होतो. दाजी, गाडी लांब जात होती आणि पोरीचं तोंड माझ्याकडेच होतं. समोरच्या काचेतून बघत होती, मी बारीक होईपर्यंत. परत आली तेव्हा हसत नव्हती. म्हणाली, ‘मामा, राहू दे ना अशीच. लग्नापर्यंत हात लावू नका.’ कारण मी विचारलं नाही. मला कळलं, आणि तुम्हालाही कळावं म्हणून एवढे कागद भरले.

तेव्हा गाडी अशीच येईल. भिवा चालवेल. मोशीच्या कार्यालयाच्या फाटकातून निघून वळणापर्यंत, आणि तिथून तिच्या सासरी राजगुरुनगरपर्यंत, मागे मागे. व्याह्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी आमच्याकडची पद्धत आहे म्हणून सांगितलंय. ताईला नमस्कार, तिच्या हाती हे पत्र पडू नये ही प्रार्थना.

तुमचा आज्ञेतला (बहुतेक वेळा),
ज्योतीराम

ता. क. – मुख्य सांगायचं ते राहिलं. थोरल्या वर्षालीच्या पाठवणीला तुम्ही कुठे होता, आठवतं? मांडवामागे खुर्च्या मोजत होता. ताई एकटी फाटकात होती आणि वर्षाली गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून तुम्हाला शोधत गेली. धाकटीनं ते पाहिलंय, शेजारीच उभी होती. दाजी, खुर्च्या मी मोजीन. आचाऱ्याचं, मांडववाल्याचं, सगळं मी बघीन. तुम्ही तेवढे फाटकात उभे राहा. गाडी वळेपर्यंत. गुडघा दुखला तर खुर्ची देतो, एक कमी भरेल.

ता. क. दुसरा – वरचं पत्र पाकिटात घालायच्या आधी एक घडलं. धम्मपालला झोप येईना. खराब माल पास केल्याचं त्याच्या मनाला लागलं. आज, बुधवारी सकाळी त्यानं आणि कुलदीपनं डबा खोलला, मला चहा आणायला पाठवलं, आणि मी येईपर्यंत क्राऊन बसवूनही झाला होता. गाडी आता सरळ जाते. पाचही गिअर पुढे. (माझ्या गैरहजेरीत हे जमलं याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये.) मी डोक्याला हात लावून बसलो, म्हटलं आता पोरीला काय सांगू? तर भिवा म्हणाला, ‘भाऊ, रिवर्स तर समद्याच गाड्यांला असतो की.’ दाजी, शपथेवर सांगतो, आमच्यातल्या कोणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

ता. क. शेवटचा – तेव्हा बेत तोच, फक्त रिव्हर्स आता एकच आहे आणि तो फार हळू चालतो. मागे मागे फक्त वळणापर्यंत, पण तेवढ्यालाच बराच वेळ लागेल, आणि तेवढा वेळ तुमचा तो भोंगा वाजत राहील. म्हणजे तुम्ही फाटकात उभं राहून कितीही मोठ्यानं रडलात तरी व्याह्यांना काही ऐकू जाणार नाही.