तीन घाणे वाया गेल्याचं वर्तमान

चि. बेबी,

आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, दुकान चालत असेल आणि गुडघा आता दुखत नसेल (डावा की उजवा ते विसरलो, तेव्हा दोन्हींची चौकशी केली असं समज). पन्नाशी उलटलेल्या बाईला बेबी म्हणू नये हे मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहिलं तर पत्र कोर्टातून आल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून कागद फाडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गावाच्या या टोकाहून त्या टोकाला कोणी पत्र लिहीत नाही हेही ठाऊक आहे. फोन केला असता, पण तीन वर्षांनी केलेल्या फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेना. पत्रात निदान गुडघ्यापासून सुरुवात करता येते.

आईचं कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन नीट झालं, ते तुला कळलंच आहे (तू दवाखान्यात नेमकी मी औषधं आणायला गेलो की यायचीस, हे नर्सनं सांगितलं). आता ती घरी आहे, वॉकर धरून चालते. चालताना माझ्या पायावर तो बरोबर येतो. मात्र अन्नावरून तिचं मन उडालंय. ताट समोर ठेवलं की मान फिरवते आणि म्हणते, बेबीच्या त्या शेंगदाण्याच्या वड्या मिळाल्या तर दोन घास जातील. तू त्यांना पीनट बटर कुकी बार म्हणतेस, वर चॉकलेटचा थर असतो त्याच. आता आजारी आईनं मागितल्यावर मुलानं काय करायचं? दुकानात येऊन मागायला तोंड नव्हतं. म्हणून स्वयंपाकघरातला खालचा खण उपसला आणि तुझी जुनी वही शोधून काढली, ती बेकरीच्या क्लासला जायचीस तेव्हाची. सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय, त्यात भिंतीला भिऊन डोळे मिटणारी माणसंसुद्धा आली. तेव्हा लोणी, साखर आणि मैदा मला काय जड जाणार, अशा समजुतीत मी होतो. ती समजूत गेल्या रविवारी सकाळी अकरापर्यंत टिकली.

पहिल्या घाण्याची गोष्ट अशी. तुझ्या वहीत लिहिलंय, 'ओव्हन ३५०'. आपल्या नव्या ओव्हनचा काटा अडीचशेच्या पुढे जातच नाही. मला वाटलं, स्वस्तातला घेतला म्हणून दुकानदारानं वरचे शंभर अंश कापून घेतले. मग मी काटा शेवटपर्यंत फिरवला आणि उरलेली उष्णता वेळात भरून काढावी म्हणून वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं ठेवलं. पंचविसाव्या मिनिटाला धूर आला. मी तो भाजल्याचा खमंग वास समजून कौतुकानं हुंगला. चाळिसाव्या मिनिटाला जे बाहेर आलं त्याचा रंग, जाडी आणि लवचिकता हुबेहूब माझ्या गाडीच्या टायरसारखी होती. उलथनं वाकलं. शेवटी गाडीतून टायर काढायचा लोखंडी दांडा आणला, तेव्हा ते ट्रेमधून सुटलं, पण येताना ट्रेचा तळही बरोबर घेऊन आलं. आई बाहेरून विचारत होती, घरात कसलं बांधकाम चाललंय.

दुसरा घाणा मंगळवारी. यावेळी उष्णतेचं कोडं सुटलं होतं (कोणी सोडवलं ते पुढे सांगतो). पण तुझ्या वहीत 'सोडा १ च.' असं आहे, आणि तो 'च' कोणता चमचा ते तू लिहिलेलं नाहीस. मी आमटीचा डाव उचलला. ओव्हनच्या काचेतून बघत होतो, तर ते पीठ फुगत फुगत वर आलं, कडेवरून सांडलं आणि थेट माझ्याकडे बघायला लागलं. चव कपडे धुवायच्या साबणाची होती, पण म्हटलं, वरून चॉकलेट घातलं की झाकलं जाईल. चॉकलेट उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवलं, ते जरा घट्ट वाटलं, म्हणून पातळ करायला दोन चमचे पाणी घातलं. बेबी, चॉकलेटमध्ये पाणी घालू नये हे माणसाला जन्मतः ठाऊक असायला हवं होतं का? ते क्षणात गोठून रस्ता करायच्या खडीसारखं झालं. ती खडी मी त्या साबणावर पसरली, हातानं दाबली, आणि स्टुलावर बसलो. खरं सांगतो, रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस अंगात बायकी फुलांचा ॲप्रन घालून रडतोय (ॲप्रन तुझाच, खणात सापडला), हे शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

आता डॉक्टरीणबाईंबद्दल. या दातांच्या डॉक्टर आहेत, वर्षभर माझ्याकडे गाडी शिकतायत आणि परीक्षेत चार वेळा नापास झाल्यात. पहिल्या घाण्याचा तुकडा मी त्यांना चाखायला दिला होता. त्यांनी तो दाताला न लावता बोटानं वाजवून बघितला आणि साडेतीनशे म्हणजे फॅरनहाइट असेल, आपल्याकडचे पावणेदोनशे, असं सांगितलं. तिसऱ्या घाण्याला, म्हणजे काल दुपारी, त्या स्वतः येऊन उभ्या राहिल्या. मी चमचा उचलला की म्हणायच्या, घाबरू नका, घाई नको, समोर बघा. ही सगळी माझीच वाक्यं! मी चिडून म्हणालो, "बाई, मला हे जमणार नाही." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तिसऱ्या परीक्षेनंतर मला काय म्हणाला होतात, आठवतं? 'सगळ्यांनाच गाडी येते असं नाही.' त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही."

मी म्हणालो, "मी सहज बोललो होतो."

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि मैदा चाळायला लागल्या.

मी लोणी फेटत राहिलो. फेटताना दुसरं काही करता येत नाही, म्हणून मनात नको ते येत राहतं. तुझ्या दुकानाचा पहिला दिवस आला. तू सगळ्यांसमोर पहिली बशी मला दिलीस, आणि मी तोंडात घास असतानाच म्हणालो, की घरच्यांनी कौतुकानं खायला ठीक आहे, पण दुकान काढण्यासारखं यात काही नाही. माझ्या हातातली बशी काढून घेतलीस आणि पुढच्या माणसाकडे गेलीस. तेव्हा मी मनात म्हणालो होतो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. काल फेटून फेटून माझा खांदा भरून आला, बेबी, आणि तरी त्या वाडग्यात लोण्याचे गोळे तसेच होते.

तिसरा घाणा उत्तम झाला. खोटं नाही, डॉक्टरीणबाई साक्षीला आहेत. कडा सोनेरी, मध्ये मऊ, वर चॉकलेट आरशासारखं पसरलेलं. त्या म्हणाल्या, आता दोन तास हात लावू नका, आणि त्यांच्या पेशंटकडे गेल्या. मी सात मिनिटं थांबलो. मग सुरी घातली. सगळ्याचा भुगा झाला, चॉकलेट भुग्यात मिसळलं, आणि जे ट्रेमध्ये उरलं ते कुंडीत घालायच्या मातीसारखं दिसत होतं. चूक कुठे झाली बघायला वहीचं पान उलटलं, तर मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात लिहिलेलं: 'पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये. दादाला ट्रेजवळ येऊ देऊ नये.' खाली दोन रेघा मारलेल्या. तेव्हा तू एकोणीस वर्षांची असशील. मी ती माती चमच्यानं खाल्ली. सगळी. उभ्यानंच.

तर असं आहे. आईची इच्छा माझ्याच्यानं पुरी होत नाही. तुझ्याकडून दोन-चार बार कोणाच्या तरी हाती पाठवलेस तर तिच्या पोटात काहीतरी जाईल. बाकी इकडे सगळं ठीक.

तुझा,
दादा

ता. क. १ : मी असं पत्र लिहिलं हे आईला सांगू नकोस. तिला उगाच ओशाळल्यासारखं होईल.

ता. क. २ : बेबी, हे मी आई लिहिते आहे. पत्र पोस्टात टाकायला त्यानं शेजारणीकडे देऊन ठेवलं होतं, तिनं ते आधी मला आणून दाखवलं. मी दोन्ही वेळा पोटभर जेवते. मी कसल्याही वड्या मागितलेल्या नाहीत. शेंगदाण्यानं मला लहानपणापासून पित्त होतं, हे तुला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे, आणि तरी हा गाढव तेच कारण लिहितो. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, वर्षभर तो त्यांना रोज तुझ्या दुकानासमोरच गाडी मागे घ्यायला शिकवतो. त्यांना ती एक गल्ली सोडून कुठलाच रस्ता येत नाही, म्हणून त्या नापास होतात. तुझा दादा माफी मागायला शिकलेला नाही. हे पत्र म्हणजे त्यातल्या त्यात माफीच आहे. बघ तुला काय वाटतं ते.

ता. क. ३ : आईनं वर काय लिहिलंय ते वाचलं. खोडायला गेलो तर तिनं वॉकर मध्ये घातला. त्या दिवशी तुझ्या दुकानात मी तसं का म्हणालो, ते तीन वर्षं शोधत होतो. ते बार तोवर फक्त आपल्या घरातले होते. तिथे दारात रांग लागलेली बघितली आणि वाटलं, आता हे कोणीही येऊन घेणार. एवढंच. चव फार चांगली होती. मी चुकलो.

सोमवारी तुझं दुकान बंद असतं. काही आणू नकोस, नुसती ये. ओव्हन बाहेरून पुसून ठेवलाय, आत बघू नकोस.